रिपोर्टात 'ॲडेनोमायोसिस' आलंय, म्हणजे पिशवी काढायचीच का?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. वय 41, दोन मुलं, दोन्ही सिझर, दुसऱ्या सिझरच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. गेली तीन वर्षं पाळीत अंगावरून खूप जातं, गुठळ्या पडतात, पहिले दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही. सोनोग्राफीत 'गर्भाशय मोठं, ॲडेनोमायोसिसची लक्षणं' असं आलं. हिमोग्लोबिन 7.8. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. जाऊबाई म्हणतात, ठेवली तर कॅन्सर होतो. द्राक्षाची छाटणी तोंडावर आलीय. लगेच ऑपरेशन करावं की थांबता येईल, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आज रात्री नीट झोप लागावी म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. ॲडेनोमायोसिस म्हणजे कॅन्सर नाही. आणि याच आठवड्यात ऑपरेशन केलंच पाहिजे, असं तुम्ही लिहिलेल्यात मला काही दिसत नाही. तातडीची गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुमच्या प्रश्नात एका ओळीत येऊन गेली: हिमोग्लोबिन 7.8. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते आणि 8 च्या खाली गेलं की तीव्र ॲनिमिया. तुम्ही त्या तीव्र गटात आहात. पिशवीचं काय करायचं हे सवडीने, दोघांनी बसून ठरवता येईल. रक्ताचं मात्र याच आठवड्यात बघायचं आहे.

नाशकात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. निफाड, दिंडोरी, सिन्नर, पेठ, सगळीकडून बायका येतात. सोनोग्राफीचा लिफाफा टेबलावर ठेवत त्या म्हणतात, "मॅडम, पिशवीला सूज आलीये." या 'सूज' शब्दाने फार नुकसान केलंय. सूज म्हटली की जंतू आले, जंतू आले की अँटिबायोटिक आलं. एक कोर्स संपतो, दुसरा सुरू होतो, पाळी आली की पुन्हा तेच. ॲडेनोमायोसिसमध्ये जंतूंचा काही संबंध नसतो. महिनोन्‌महिने त्या गोळ्या खाऊन पोट बिघडतं आणि रक्त जायचं ते जातच राहतं. तुमच्याकडेही अशा चिठ्ठ्या साठल्या असतील तर त्या मला दाखवा, पण त्यातलं औषध पुन्हा आणू नका.

मग हे आहे तरी काय? गर्भाशयाची भिंत जाड स्नायूची असते आणि आतून तिला मऊ अस्तर असतं. हे अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून पडतं. ॲडेनोमायोसिसमध्ये या अस्तराच्या ग्रंथी आपली हद्द सोडून स्नायूच्या भिंतीत शिरतात आणि तिथेच राहतात. महिन्याच्या हॉर्मोनप्रमाणे त्याही फुगतात, त्यांच्यातही थोडं थोडं रक्त उतरतं, पण त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. भोवतालचा स्नायू चिडतो आणि जाड होत जातो. अशी वर्षं गेली की पिशवी गोल, जड आणि दाबली की दुखरी होते.

बायका विचारतात, मग ही गाठच ना, तेवढी गाठ काढून टाका. गाठ वेगळी. गाठ म्हणजे फायब्रॉइड, ती लाडवातल्या बेदाण्यासारखी असते. बोटाने उकरलं तर बेदाणा अख्खा बाहेर येतो, लाडू जागेवर राहतो. ॲडेनोमायोसिस म्हणजे लाडवात मुरलेलं तूप. ते कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, ते दाखवता येत नाही. काही जणींत हा आजार एकाच जागी गोळा झालेला असतो, तेव्हा सोनोग्राफीत तो गाठीसारखाच भासतो. दोन्ही आजार एकाच पिशवीत असणंही काही दुर्मीळ नाही.

ऑपरेशन झालं की काढलेली पिशवी मी ट्रेमध्ये उघडून बघते आणि नातेवाइकांनाही बोलावून दाखवते. एरवी भिंत दीड-दोन सेंटिमीटरची असते, या आजारात तीन-चार सेंटिमीटर झालेली असते, बहुतेक वेळा मागची. कापलेल्या बाजूवर स्नायूचे धागे विस्कटलेल्या विणीसारखे दिसतात आणि मधे मधे मोहरीएवढे तपकिरी ठिपके. सुरीचं टोक लावलं की एखाद्या ठिपक्यातून चॉकलेटी रंगाचा थेंब येतो. ते जुनं, अडकलेलं रक्त. एका बाईचा नवरा तो ट्रे बघून बराच वेळ गप्प उभा राहिला. बारा वर्षं तो तिला म्हणत आला होता, पाळी सगळ्यांनाच येते, तुझंच काय एवढं. मला वाटतं, असं काही डोळ्यांनी दिसलं की मगच घरातल्यांना ते दुखणं खरं वाटतं, आणि बाईला तोवर ते एकटीने सोसावं लागतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

वैद्यकशास्त्राचंही बरेच दिवस असंच होतं. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी 1860 मध्ये स्नायूत शिरलेल्या या ग्रंथींचं वर्णन केलं. बाल्टिमोरच्या थॉमस कलन यांनी 1908 मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि भिंतीतल्या ग्रंथी थेट अस्तरापासून आत उतरलेल्या असतात हे दाखवलं. पण जिवंत बाईच्या पोटात हा आजार ओळखायची सोय नव्हती. पिशवी काढायची, पॅथॉलॉजीला पाठवायची आणि मग कळायचं. म्हणून जुन्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांच्या मनात हा आजार आणि पिशवी काढणं हे दोन्ही एकत्रच बसलंय. आता खालून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या चांगल्या सोनोग्राफीत तो बऱ्याच खात्रीने दिसतो, कधी एमआरआयमध्ये, त्यामुळे पिशवी जागेवर ठेवूनही उपचार करता येतात.

हे मलाच का झालं, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणार. कारण पूर्ण उलगडलेलं नाही. अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेला धक्का बसला की ग्रंथी आत शिरायला वाट मिळते, असं मानलं जातं. बाळंतपणं, सिझर, क्युरेटिंग झालेल्या बायकांत तो जास्त दिसतो, ते त्यामुळेच असावं. इस्ट्रोजेन हॉर्मोन त्याला खतपाणी घालतं. पण ज्यांना मूल झालेलंच नाही अशा विशी-तिशीतल्या मुलींतही तो आता सापडतो, म्हणजे केवळ धक्क्याने सगळं समजत नाही. एवढं मात्र नक्की सांगते: तुम्ही कधी जड पाटी उचलली, पाळीत डोक्यावरून पाणी घेतलं, पपई खाल्ली किंवा बागेत दिवसभर उभ्या राहिलात, म्हणून हे झालेलं नाही. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमुळेही नाही.

आता तुमचा रिपोर्ट. त्यात 'बल्की' असा शब्द असेलच. बल्की म्हणजे फक्त आकाराने मोठी. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी मुलीच्या पिशवीपेक्षा थोडी मोठी असतेच, त्यामुळे एवढ्या एका शब्दावर कुणी ऑपरेशन सुचवलं तर थांबून पुढच्या ओळी वाचा. पुढची आणि मागची भिंत सारखी जाड आहे की एक बाजू जास्त, भिंतीत बारीक पाण्याचे फोड दिसतात का, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या पडतात का, अस्तराची कड स्पष्ट आहे की पुसट, हे बघितलेलं हवं. यातल्या दोन-तीन गोष्टी लिहिलेल्या असतील तर निदानाला वजन आहे. अंडाशयांबद्दल काय लिहिलंय तेही बघा, कारण अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ असेल तर एंडोमेट्रिओसिसही, म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजारही सोबत आहे आणि उपचार थोडे बदलतात. सोनोग्राफी नुसती पोटावरून, लघवी तुंबवून केली असेल तर एकदा खालून करून घ्या. त्याला लाजायचं कारण नाही, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, आणि सोबत बाई हजर असावी हे तुम्ही हक्काने मागू शकता.

या आजारात एवढं रक्त का जातं, ते सांगते. पाळीत रक्तवाहिन्यांची तोंडं बंद करायचं काम गर्भाशयाचा स्नायू करतो. तो आवळला की रक्त थांबतं. इथे स्नायूतच परकी वस्ती झाल्यामुळे तो नीट आवळत नाही. शिवाय पिशवी मोठी म्हणजे अस्तराचं क्षेत्रफळ मोठं, गळायला जास्त. आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तिथे जास्त तयार होतं, त्याने कळा येतात. प्रसूतीच्या कळाही याच जातीच्या द्रव्यांनी येतात. म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहता ते नाटक नाही, सवय नाही, नाजूकपणा नाही. पाळीत थोडं दुखणं वेगळं. ज्या दुखण्यापायी कामाला जाता येत नाही, त्याला आजार म्हणायचं आणि त्यावर औषध द्यायचं.

रक्ताचा हिशोब मी बायकांना कागदावर मांडून दाखवते, तसा इथेही मांडते. एरवी एका पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या वर गेलं की ते जास्त धरतात. 100 मिलिलिटर रक्तात साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम लोह असतं. आपलं शरीर जेवणातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषून घेतं, म्हणजे महिन्याला 30 ते 60. आता तुमच्या अंगावरून दर महिन्याला 150-200 मिलिलिटर जात असेल तर जमेपेक्षा खर्च जास्त. तीन वर्षं हेच चाललं की शिल्लक संपते. म्हणून बीट, गूळ-शेंगदाणे, मेथी कितीही खाल्लं तरी हिमोग्लोबिन चढत नाही. खाणं चांगलंच आहे, ते सोडू नका, पण फुटलेल्या माठात वरून पाणी ओतल्यासारखं होतं. आधी गळती कमी करायची आणि त्याच वेळी लोह बाहेरून द्यायचं.

7.8 ला मी नुसत्या गोळ्यांवर थांबत नाही, कारण पुढची पाळी आली की कमावलेलं जातं. शिरेतून लोह देते. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज नावाचं औषध असतं, सलाइनमधून एका बैठकीत 1000 मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं, कारण क्वचित रिॲक्शन येते. दोन-तीन आठवड्यांत जिना चढताना लागणारा दम कमी होतो. रक्ताची बाटली लगेच चढवायची गरज तुम्हाला बहुधा पडणार नाही. ती हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं, धाप लागत असेल किंवा तातडीचं ऑपरेशन असेल तेव्हा लागते. ज्यांचं 9-10 आहे त्यांना गोळ्या पुरतात, सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आणि हिमोग्लोबिन 12 झालं म्हणून गोळी बंद करू नका, साठा भरायला आणखी तीन महिने लागतात. नेमकं इथेच बहुतेक जणी सोडून देतात.

याच भेटीत थायरॉइड, रक्ताची पूर्ण तपासणी, शक्य असेल तर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी करून घेऊ. ऑपरेशन झालेलं असलं तरी गरोदरपणाची साधी लघवीची चाचणीसुद्धा. क्वचित कधी नसबंदी फसते आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

कॅन्सरचं म्हणाल, तर ॲडेनोमायोसिसचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अत्यंत दुर्मीळ आहे, आणि त्या भीतीपोटी पिशवी काढायची हे बरोबर नाही. जाऊबाईंना प्रेमापोटी काळजी वाटली असेल, पण त्यांना एवढं सांगा. एक तपासणी मात्र मी करून घेईन. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या अंगावरून जास्त जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडा घेऊन पॅथॉलॉजीला पाठवतो. बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातच होतं, बहुतेक वेळा भूल लागत नाही, मिनिटभर कळ येते. सोबत गर्भाशयाच्या तोंडाची पॅप चाचणी. या आजारामुळे नव्हे, तर जास्त रक्त जाण्यामागे दुसरंही काही दडलेलं नाही ना, हे बघायला. ही तपासणी न करता पिशवी काढणं मला कधीच पटलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. या आजाराला एक शेवट आहे, तो म्हणजे पाळी जाणं. हॉर्मोन कमी झाले की त्या आत शिरलेल्या ग्रंथी सुकतात, पिशवी आकसते, दुखणं थांबतं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 च्या सुमाराला जाते, काहींची पन्नाशीला. म्हणजे तुमच्यासमोर पाच ते आठ-नऊ वर्षं आहेत. ती वर्षं रक्त न घालवता, न कण्हता कशी काढायची, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही 48 च्या असतात तर मी वेगळं बोलले असते, 29 च्या असतात तर आणखी वेगळं. पिशवी काढायची की नाही, हे वय आणि तुमची इच्छा बघितल्याशिवाय कुणी कसं सांगणार?

सगळ्यात साधं म्हणजे पाळीच्या दिवसांपुरती औषधं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्तस्राव कमी करतं, मेफेनॅमिक ॲसिड कळा आणि थोडा स्रावही कमी करतं. दोन्ही फक्त त्या चार-पाच दिवसांत घ्यायची, महिनाभर नाही. पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली असेल तर पहिलं नको. किडनीचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर दुसरं नको, आणि ते उपाशीपोटी घ्यायचं नाहीच. पुढची पाळी येईपर्यंत बाकी काही ठरलं नाही तरी ही औषधं घरात असू द्या.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या 'पाळी थांबवायच्या' गोळ्यांबद्दल इथेच सांगते. नवरात्रात वणीला जायचंय, घरात लग्न आहे, म्हणून त्या घेतल्या जातात. मग त्यांनी रक्त थांबतं हे कळलं की मनानेच सुरू केल्या जातात. गोळी बंद केली की साठलेलं अस्तर एकदम गळतं, आणि तेव्हा बायका रात्री इमर्जन्सीत येतात. त्या गोळ्या वाईट नाहीत, पण कधी सुरू करायच्या आणि कशा कमी करायच्या हे ठरवून घ्याव्या लागतात.

तुमच्या वयाला, मुलं झालेली असताना, मी पहिला विचार करते तो हॉर्मोनच्या साधनाचा. कॉपर टी सारखं दिसतं म्हणून बायका त्याला हॉर्मोनची तांबी म्हणतात, पण त्यात तांबं नसतं. 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल भरलेली छोटी नळी असते. ती गर्भाशयात बसवली की औषध रोज थोडं थोडं तिथल्या तिथे सुटतं आणि अस्तर पातळ ठेवतं. मुळात गर्भनिरोधक असली तरी तुमच्यासाठी तिचा उपयोग रक्त आणि दुखणं कमी करण्यासाठी. निदान पाच वर्षं चालते. ही बसवताना मी एक गोष्ट दोनदा सांगते, कारण ती न सांगितल्यामुळे अनेकींनी दोन महिन्यांत काढून घेतली: पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं डागासारखं जात राहतं, कधीही, नेम नसतो. वैताग येतो. पूजेला बसता येत नाही, रोज पॅड लावावं लागतं. त्यानंतर पाळी अगदी कमी होते, काहींची बंदच होते. बंद झाली म्हणजे रक्त आत साठतंय, अशी भीती घालणारे भेटतील. साठत नाही, अस्तरच तयार होत नाही. पिशवी फार मोठी असेल तर साधन निसटून बाहेर येण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा आधी एक-दोन इंजेक्शनं देऊन पिशवी लहान करून मग बसवतात. बसवल्यावर महिन्याने सोनोग्राफी करून ते जागेवर आहे ना बघायचं.

साधन नको वाटत असेल तर डायनोजेस्टची 2 मिलिग्रॅमची गोळी रोज, खाडा न करता. दुखण्यावर ती फार चांगली. पण सुरुवातीला अवेळी स्राव होतो, आणि मोठी पिशवी व कमी रक्त असलेल्या बाईत तो कधी भरपूरही होतो. म्हणून तुमचं रक्त सुधारल्याशिवाय मी ती देणार नाही. पाळी तात्पुरती बंद करणारी महिन्याची इंजेक्शनंही असतात. त्यांनी पिशवी झपाट्याने आकसते, पण अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात, आणि इंजेक्शन थांबलं की आजार परततो. ऑपरेशनआधी रक्त भरून काढायला ती उपयोगी, कायमचा इलाज म्हणून नाही.

ज्यांना अजून मूल हवंय त्यांचा रस्ता वेगळा आणि अवघड आहे. काहींमध्ये आजाराचा भाग कापून पिशवी शिवता येते, पण पुढच्या गरोदरपणात तो टाका उसवण्याचा धोका असतो. ज्यांना मूल नको, पण पिशवीही काढायची नाही, त्यांच्यासाठी पिशवीची रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचारही आहे, तो इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेवर बघत बारीक नळीतून उपचार करणारे डॉक्टर करतात. अस्तर जाळण्याचा उपचार मात्र आजार खोल असेल तर फसतो आणि मागाहून पिशवी काढावीच लागते, म्हणून तो मी इथे सुचवत नाही.

आणि ऑपरेशन? ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. साधन, गोळ्या करून थकलेल्या, मुलं मोठी झालेल्या बायकांना पिशवी काढल्यावर पहिल्यांदा महिनाभर सलग हसताना मी पाहिलंय. आजार मुळासकट जातो तो यानेच. माझा विरोध आहे तो घाईला. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं प्रकरण गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाळी आली की मजुरी बुडते, मुकादमाचा दंड बसतो, म्हणून तरण्या बायकांनी पिशव्या काढून घेतल्या होत्या. तुमच्या प्रश्नात 'छाटणी तोंडावर आलीय' हे वाचलं आणि मला तेच आठवलं. हंगाम बुडू नये म्हणून शरीराचा निर्णय घेऊ नका.

माझ्याकडे एक बाई आली होती, वय 38. सात वर्षांपूर्वी, म्हणजे एकतिशीत, एका दवाखान्यात 'पिशवीला सूज' म्हणून ऑपरेशन झालेलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढलेले, आणि ते तिला माहीतच नव्हतं. तिला रात्री घामाने जाग यायची, अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. हाडांची तपासणी केली तर साठीच्या बाईसारखी. काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागितला, तर पाठवलाच नव्हता. मी तिला औषधं दिली, तिचं बरंच बरं झालं, पण गेलेली सात वर्षं परत देता आली नाहीत.

म्हणून कधी ऑपरेशन ठरलंच तर हे विचारून घ्या. अंडाशय ठेवणार का? तुमच्या वयात ते चांगले असतील तर ठेवायचे, नळ्या काढल्या तरी चालतं. कुठल्या मार्गाने करणार, खालून, दुर्बिणीने की पोट उघडून? दोन सिझरमुळे मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं, तेव्हा तसा अनुभव असलेले हात हवेत. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला जाणार ना? आणि हिमोग्लोबिन 10 च्या पुढे गेल्यावर तारीख घ्या. नंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही. नवरा-बायकोच्या संबंधांत फरक पडेल का, हे बायका दाराबाहेर गेल्यावर परत येऊन विचारतात. जखम भरली की पडत नाही, उलट आधी दुखायचं ते थांबतं.

तर आता असं करा. या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या आणि शिरेतून लोह. येत्या पाळीला औषधं जवळ ठेवा आणि घरातल्या कालनिर्णयावर रोज लिहा: किती पॅड, किती भिजलेले, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी गुठळी पडली का, दुखणं दहापैकी किती, कामाला जाता आलं का. पाळी झाल्यावर ते पान, जुन्या सोनोग्राफ्या, सिझरची कागदपत्रं आणि मालक, सगळं सोबत घेऊन या. तेव्हा अस्तराचा तुकडा घेऊ, त्याचा रिपोर्ट आला की साधन बसवायचं का ते ठरवू आणि सहा महिने देऊन बघू. नाशकात तज्ज्ञ बरेच आहेत, माझ्याशिवाय दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. यंदाच्या छाटणीला मात्र कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. 7.8 वर दिवसभर मांडवाखाली हात वर धरून उभं राहिलं तर चक्कर येऊन पडाल.

आणि एवढं घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. लागोपाठ दोन तास, तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छाती धडधडत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर पाळी संपायची वाट बघायची नाही, सकाळ व्हायचीही नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं.